समोर व्यक्ती, थांबलो आहे

माझा ट्रॅक्टर चुकणार नाही, असं मी अख्ख्या भावकीसमोर सांगितलं होतं. सांगून थांबले असते तरी चाललं असतं. पण वर "चुकला तर नोकरी सोडून शेणगोठा करायला येते," असंही म्हणून बसले! माणूस दुःखात असला की एक तर गप्प होतो, नाही तर नको तितका बोलतो. मी जन्मभर गप्प बसणाऱ्यांतली. त्या दिवशी कसं कोण जाणे, बोलून गेले.

माझं काम आधी सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा नीट कळेल. माणसाशिवाय चालणाऱ्या गाड्यांना दृष्टी देणं, हे माझं काम. गाडीवर कॅमेरा असतो, त्याला रंगरूप दिसतं. टपावर एक गरागरा फिरणारा डबा असतो, तो लेझरचे किरण सोडून समोरची वस्तू किती लांब आणि किती उंच ते मोजतो; त्याला लायडार म्हणतात. पुढच्या बाजूला रडार असतं, त्याला लोखंडासारखं काही असलं की चटकन कळतं. शिवाय आपण नेमके कुठे आहोत, हे गाडीला उपग्रहाकडून समजतं. या सगळ्यांचं एकमत क्वचितच होतं. कॅमेरा म्हणतो म्हैस, लायडार म्हणतो भिंत, रडार म्हणतं काहीच नाही! मग सगळ्यांचं ऐकून घेऊन, कोणावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवून, एक निकाल देणारा प्रोग्रॅम लागतो. तो मी लिहिते.

"थोडक्यात, भावकीची बैठक आणि तिच्यात एक शहाणा माणूस," असं मी महिपतीतात्यांना समजावलं होतं.

"मग त्यो शाणा माणूस आपल्या घरात का न्हाय बसवला इतकी वर्सं?" तात्या म्हणाले.

महिपतीतात्या माझे धाकटे चुलते. माझे वडील, आबा, दिवाळीनंतर गेले. सकाळी उसाला पाणी दिलं, दुपारी छातीत कळ आली, बारामतीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेरावा झाला, पाव्हणे पांगले आणि तात्यांनी विषय काढला.

"वैनी एकटी रानातल्या घरात ऱ्हाणार कशी? ड्रायव्हर मिळत न्हाय, मिळाला तर टिकत न्हाय. रान आमच्या पोराला, दिग्विजयला करू दे. अन् वैनीला तू पुण्याला ने."

बोलणं वाईट नव्हतं. पण आई माझ्याकडे पुण्याला आली, की गॅलरीतल्या चार कुंड्यांना उसासारखं पाणी देते आणि खालच्या मजल्यावरच्या लोकांचे कपडे भिजवते. चौथ्या मजल्यावर तिला झोप लागत नाही. "खाली माती न्हाय, मग अंग टेकायचं कशावर?" म्हणते. भवानीनगरपासून आत, उसात बुडालेलं ते घर आणि समोरचं रान, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. तेही तिच्या हातून काढून घ्यायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. तात्यांनाही कळत असावं, कारण बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

"ट्रॅक्टर माणसाशिवाय चालेल," मी म्हटलं. "आई ओट्यावर बसून नांगरट करेल!"

कोणी हसलं नाही. तात्या म्हणाले, "चालवून दाखीव. भावकीसमोर नांगराचा सरळ तास पडू दे, मग वैनीला मी जा म्हणणार न्हाय. न्हाय पडला, तर संक्रांत झाली की सामान बांधायचं."

आता बांधाविषयी सांगायला हवं. आमचं आणि तात्यांचं रान एकमेकांना लागून. मधे बांध. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा त्यावरून म्हणे बैलगाडी जायची. मग आबांनी तो इकडून कोरला, तात्यांनी तिकडून कोरला आणि बांध वीतभर उरला! दर नांगरटीला दोघं भाऊ बांधावर समोरासमोर उभे राहून असे भांडायचे, की कारखान्याचा भोंगा ऐकू येऊ नये. भांडून झालं की आमच्या ओट्यावर एकाच कपबशीतला चहा अर्धा अर्धा प्यायचे.

मी सुट्टी काढून आले. आबांच्या जुन्या ट्रॅक्टरवर कॅमेरा, लायडार, रडार बसवलं. रानाच्या कडा आखून घेतल्या. आईला वाचता याव्यात म्हणून टॅबलेटवरच्या सूचना मराठीत लिहिल्या. ठरल्या दिवशी सकाळी गोठ्याजवळ एक तिपाई उभी केली. तिच्यावर पांढऱ्या बशीसारखा अँटेना. ट्रॅक्टर आपली जागा या तिपाईपासून मोजतो. ती एकदा रोवली की जागची हलता कामा नये. "ट्रॅक्टरला कोणी हात लावायचा नाही!" असं मी सगळ्यांना बजावलं आणि आंघोळीला गेले. तिपाईचं नाव मी घेतलं नाही. शिकलेल्या माणसांना वाटतं, जे आपल्याला माहीत असतं ते जगाला माहीत असतं.

बाहेर आले तर ट्रॅक्टरची पूजा झालेली! तात्यांच्या बायकोनं, दगडाबाई काकूंनी, ओल्या कुंकवाचा बंद्या रुपयाएवढा टिळा थेट कॅमेऱ्याच्या काचेवर लावला होता.

"काकू, हे काय केलंत?"

"काय म्हंजी? पयल्यांदाच चालतोय. डोळ्याला हळदीकुंकू लावलं."

"अहो, तो कॅमेरा आहे!"

"मग? तूच म्हणालीस न्हवं, ह्यानं बघतोय म्हणून? डोळाच की त्यो!"

मी ओढणीनं काच पुसली. कुंकवात तेल होतं. टिळा गेला आणि सगळ्या काचेवर गुलाबी साय पसरली. पुन्हा पुसली, आणखी पसरली. टॅबलेटवर आमचं रान लग्नाच्या अल्बममधल्यासारखं दिसायला लागलं.

लायडारला झेंडूचा हार घातला होता, तो माझ्या लक्षातच आला नाही. मी कळ दाबली, डबा फिरायला लागला आणि हार गोफणीसारखा सुटला! पहिलं फूल दिग्विजयच्या कपाळावर बसलं. दुसरं बावड्याहून आलेल्या आत्यांच्या चहात पडलं. मग एकदम सुटलेला सगळा हार उडून गोठ्यावर गेला आणि म्हशीनं तो खाऊन टाकला.

"लई ताकद हाय गं डब्यात!" तात्या आदरानं म्हणाले.

"छकुले, आवर आता. ऊन चढतंय," काकू म्हणाल्या. मी चाळिशीला आले आहे. पुण्यात माझ्या हाताखाली नऊ इंजिनिअर काम करतात. भावकीत मी अजून छकुलीच.

मी मनाशी म्हटलं, कॅमेरा अर्धा आंधळा झाला तर झाला. एक डगमगला तर बाकीच्यांनी सावरायचं, यासाठीच तर इतके सेन्सर असतात! मी खुर्चीवर बसले, टॅबलेट मांडीवर घेतला. आई ओट्यावर बसली होती, डोक्यावरचा पदर हातानं धरून. तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी 'सुरू' दाबलं.

ट्रॅक्टर निघाला! रिकाम्या सीटचा, आपलं आपण स्टेअरिंग वळवत, भकाभका धूर सोडत. बायकांनी तोंडाला पदर लावले. दिग्विजय त्याच्याबरोबर चालत व्हिडिओ काढायला लागला. ट्रॅक्टर रानाच्या कडेला गेला, वळला, नांगर खाली टाकला. टॅबलेटवर मी आखलेली हिरवी रेषा होती आणि तिच्यावर ट्रॅक्टरचं चित्र असं नेमकं सरकत होतं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी हे बघायला हवं होतं. त्यांनी वालचंदनगरच्या बाजारात जाऊन सगळ्यांना सांगितलं असतं.

"छकुले!" तात्या ओरडले.

"बघतेय तात्या!"

"अगं बघ की!"

"बघतेय! दोन बोटांचासुद्धा फरक नाही!"

"दोन बोटं? कासराभर आत आला की!"

"तात्या, रेषेवर आहे. अगदी रेषेवर!"

"रेषा गेली खड्ड्यात, माझा बांध गेला!"

मी मान वर केली. टॅबलेटमधला ट्रॅक्टर आमच्या रानात होता. खरा ट्रॅक्टर बांधावर होता! नांगराचे फाळ त्या वीतभर बांधाला भाकरीसारखे उलटत चालले होते आणि पुढे तात्यांची दाण्यात आलेली ज्वारी उभी होती.

"माझी जवारी!" काकूंनी टाहो फोडला.

"बापानं वीत वीत घेतला, पोरीनं यंत्रच आणलं!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. बावड्याच्या आत्या चहा टाकून उठल्या. दोन चुलतभावांचं लगेच जुंपलं, एकानं वाटणीच्या वेळचा विषय काढला, दुसऱ्यानं त्याच्याही आधीचा. शेणगोठ्याची आठवणही मला कोणीतरी करून दिली.

दिग्विजय धापा टाकत माझ्याकडे आला. "ताई, एक बोलू? ती फोटोवाल्याची तिपाई व्हती न्हवं, ती मी जरा सरकवली व्हती. खुर्च्या मांडायला जागा होईना."

"कुठे सरकवलीस?"

"लई न्हाय. हिकडं. आमच्या जवारीच्या अंगाला."

म्हणजे झालं! तिपाई जितकी सरकली, तितकं ट्रॅक्टरच्या डोक्यातलं अख्खं रान सरकलं होतं. आणि बांध म्हणजे अडथळा, हे लायडारला का कळलं नाही? बांध वीतभर होता म्हणून. दोघा भावांनी इतक्या वर्षांच्या मेहनतीनं तो लेझरच्याही नजरेतून उतरवला होता!

मी थांबवायच्या लाल बटणाकडे बोट नेलं. दाबणार, तेवढ्यात ट्रॅक्टर आपणहून थांबला. इंजीन नुसतं धडधडत राहिलं. टॅबलेटवर अक्षरं आली:

'समोर व्यक्ती. थांबलो आहे.'

"कोण आहे पुढे?" मी किंचाळले. "कोणी आडवं आलंय का?" आणि धावत सुटले. माझ्यामागे तात्या, त्यांच्यामागे भांडण अर्धं टाकून सगळी भावकी.

ट्रॅक्टरच्या पुढे, ज्वारीच्या पहिल्या ओळीत, एक बुजगावणं उभं होतं. दोन काठ्या, पेंढा, डोक्याला मडकं, मडक्यावर टोपी. आणि अंगात बाटलीसारखा हिरवा बिनबाह्यांचा स्वेटर. तो स्वेटर आईनं विणला होता. त्याची एक बाजू लांब होती. आईनं कितीदा उसवून नीट करते म्हटलं, तरी आबांनी तो अंगातून काढून दिला नव्हता.

सगळी भावकी ट्रॅक्टरपाशीच थबकली. ज्वारीवरची पाखरं उठून गेली.

"आबांनी अडवला," मागून कोणीतरी हळूच म्हणालं.

"हा इथे कोणी आणला?" मी विचारलं.

तात्या खाली बघत राहिले. "मी. वैनीकडनं मागून नेला. पाखरं लई झाली व्हती, म्हटलं..." ते थांबले. फाळानं उलटलेल्या मातीतलं एक ढेकूळ पायानं फोडलं. "पाखरं कसली. इतकी वर्सं दादा हितं उभा ऱ्हाऊन माझ्या नावानं बोंबलायचा. बांध मोकळा दिसाया लागला. रोज सकाळी आलं की कसंतरीच व्हायचं."

मग त्यांनी ट्रॅक्टर बघितला. स्वेटर बघितला. फुटलेला बांध बघितला आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला.

"जितेपणी कधी माझ्या बाजूनं उभा ऱ्हायला न्हाय गं," ते म्हणाले. "आज ऱ्हायला."

काकू रडायला लागल्या. आत्यांनी पायातल्या चपला काढल्या. दोघा चुलतभावांनी एकमेकांची गचांडी सोडली आणि हात जोडले. आता मात्र मला बोलणं भाग होतं. माझं सगळं शिक्षण तिथे वीतभर बांधावर उघडं पडलं होतं!

"तात्या, ऐका. यात काही चमत्कार नाही. कॅमेऱ्यावर कुंकू होतं म्हणून त्याला धुरकट दिसलं. काच स्वच्छ असती, तर ते मडकं आहे हे त्याला कळलं असतं. लायडारला फक्त पिकातून वेगळं, माणसाएवढं उंच काहीतरी दिसलं. रडार म्हणतंय, तिथे काहीच नाही. दोघं म्हणतात आहे, एक म्हणतो नाही. अशी शंका आली की माणूस आहे असंच धरून थांबायचं, असा नियम आहे."

"नेम कुणी केला?"

"मी."

"म्हंजी तुझंबी म्हणणं त्येच, की दादा हाय."

"माझं नाही तात्या, यंत्राचं..."

"अन् यंत्राला कुणी शिकीवलं?"

मी पुन्हा सुरुवातीपासून समजावलं. पुण्यात याच विषयावर मी दीड तास बोलते आणि लोक टाळ्या वाजवतात. इथे सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कोणाचंही मत तसूभर बदललं नाही. तेराव्याला आलेलं लेकरू काहीबाही बोललं की त्याच्याकडे बघतात, तसं ते माझ्याकडे बघत होते.

टॅबलेटवर दोन बटणं लुकलुकत होती. 'व्यक्ती बाजूला झाली' आणि 'व्यक्ती नाही'. कोणतं तरी एक दाबल्याशिवाय ट्रॅक्टर आपणहून हलणार नव्हता. ऑफिसात असलं बटण मी दिवसातून कितीतरी वेळा दाबते. खांब असतो, पोस्टर असतं, वाळत घातलेली चादर असते. व्यक्ती नाही. व्यक्ती नाही. चहाचा घोट घेता घेता दाबते. मी अंगठा पुढे नेला आणि तो तिथेच राहिला.

आई कधी येऊन शेजारी उभी राहिली, कळलं नाही.

"काय म्हणतंय त्ये?"

"विचारतंय, समोर माणूस आहे का नाही."

आईनं टॅबलेट हातात घेतला. ओठ हलवत सगळी अक्षरं वाचली, बटणांवरचीही. मग टॅबलेट मला परत दिला आणि बुजगावण्याकडे गेली. स्वेटरची लांब बाजू वर सरकली होती, ती खाली ओढून सारखी केली. परत येताना कॅमेऱ्यापाशी थांबली. गुलाबी काचेवरून तिनं एक बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं कुंकू बघत राहिली.

"ह्यातनं दिसले व्हय त्याला," ती म्हणाली. बोट पदराला पुसलं आणि घराकडे चालायला लागली.

तात्यांनी घसा खाकरला. "वैनी कुठं जायची न्हाय," ते मोठ्यानं म्हणाले, जणू त्यांच्याशिवाय दुसरंच कोणीतरी तिला घालवत होतं. "थोरला हितं राखणीला उभा, अन् ती पुण्याला? काय रीत हाय का न्हाय? दिग्या!"

"जी तात्या."

"चढ वर. घे ट्रॅक्टर मागं. वैनीच्या रानाची नांगरट आजपासनं तुझ्याकडं. आपलं रान आपण करायचं, तिचं तिला करून द्यायचं. अन् बांध पयला नीट घालून घे. चांगला गुडघ्याएवढा घाल!"

"कुणाच्या बाजूनं घालू?"

"मधी घाल की!" तात्या ओरडले, आणि ते ऐकून भावकीतल्या जुन्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. एवढं नवल त्यांना रिकाम्या सीटच्या ट्रॅक्टरचंही वाटलं नव्हतं.

दिग्विजयनं सीटवरची धूळ झटकली, बसला, स्टेअरिंग हातात घेतलं. यंत्र बाजूला झालं. बटण मला दाबावंच लागलं नाही. चालकाशिवाय चालणाऱ्या माझ्या ट्रॅक्टरला असा चालक मिळाला, तोही सगळ्यांच्या टाळ्यांच्या गजरात! मला कोणी काही म्हणालं नाही. काकू फक्त म्हणाल्या, "छकुले, मोकळीच उभी हायस, तर सगळ्यांचा च्या टाक." मी गेले आणि चहा टाकला.

आई तिथेच आहे. मी हरले की जिंकले, याचा मी विचार करत नाही.

ऑफिसात परतल्यावर मला या चुकीचं निवारण करायचं होतं. आमच्याकडे यंत्र चुकलं की कॅमेऱ्यातला त्या वेळचा फोटो शोधून काढतात, खरं काय होतं ते त्याखाली लिहितात आणि यंत्राला पुन्हा शिकवतात, म्हणजे ती चूक परत होत नाही. मी इंदापूर तालुक्यातली शेकडो बुजगावणी गोळा केली. साडीतली, रेनकोटातली, एक तर हेल्मेट घातलेलं. प्रत्येकाखाली प्रामाणिकपणे लिहिलं, 'बुजगावणे'. आता आमचं यंत्र, आबांच्या ट्रॅक्टरवरचंसुद्धा, बुजगावण्याला माणूस समजत नाही. साहेबांनी कौतुक केलं. हिरव्या स्वेटरच्या फोटोखाली मी काय लिहिलं, ते त्यांनी विचारलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

परवा दिग्विजयचा फोन आला. मागे ट्रॅक्टर धडधडत होता. ज्वारी काढून झाली, तरी तात्यांनी बुजगावणं हलवलेलं नाही.

"ताई, ह्यो बांधाच्या कोपऱ्यात परत थांबला. मी वर बसलोय तरी ब्रेक मारतोय. समोर व्यक्ती म्हणतंय."

"कॅमेरा पुसलास का?"

"दोनदा पुसला. चकाचक हाय."

"मग बाजूने घे," मी म्हटलं. "आणि आपल्या बाजूने घे रे. बांध कोरू नकोस!"